आठची चर्चा आणि १२-डी : नाशिकरोडच्या एका विरंगुळा केंद्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला, एका ज्येष्ठ नागरिक संघाचं विरंगुळा केंद्र आहे. संघाचं नाव देत नाही, आणि माणसांना इथे दिलेली नावंही खरी नाहीत. मी तेव्हा कार्यकारिणीवर होते. म्हणजे ज्या चुका पुढे येणार आहेत त्यांतल्या काहींवर माझीही सही आहे.

एक हॉल, दोन कॅरम बोर्ड, पेपरांचं स्टँड, तीस-चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर मोठा टीव्ही. टीव्ही एका सभासदाच्या मुलाने वडिलांच्या स्मरणार्थ दिला, तशी पितळी पट्टी खाली आहे. सकाळी फिरून आलेली मंडळी सातच्या सुमारास समोरच्या टपरीवर कट चहा घेतात, मग तासभर पेपर. संध्याकाळी साडेसात ते नऊ टीव्ही. पूर्वी त्या वेळात बायकांच्या आग्रहाने मालिका लागायची. २०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि आठला ‘चर्चा’ लागायला लागली. ठराव वगैरे काही झाला नाही. रिमोट ज्याच्या हातात, त्याचं चॅनल.

रिमोट बहुतेक तात्यांच्या हातात असे. तात्या प्रेसमधून निवृत्त. (नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की नोटांची प्रेस, वर्तमानपत्र नव्हे.) आवाज खणखणीत, स्मरणशक्ती दांडगी, कुणाची पेन्शन अडली तर स्वतः अर्ज लिहून देणारा माणूस. त्यांच्या शेजारची खुर्ची आप्पांची. आप्पा निफाड तालुक्यातले. शेती धाकटा भाऊ बघतो, हे मुलाकडे शहरात राहतात. अकरा वर्षं हे दोघे रोज सकाळी बरोबर फिरत होते.

त्या एप्रिलमध्ये चर्चेचा एक विषय आमच्या अंगणातलाच होता: ‘नाशिकचा तिढा’. महायुतीत ही जागा कुणाला सुटणार, यावर आठवडेच्या आठवडे गेले. १९ एप्रिलला छगन भुजबळांनी आपण शर्यतीत नाही असं सांगितलं, तरी तिढा सुटेना. अर्ज भरायची शेवटची तारीख ३ मे, आणि हेमंत गोडसेंचं नाव १ मेला जाहीर झालं. केंद्रात त्या रात्री ‘सुटला एकदाचा!’ म्हणून कुणीतरी पेढे आणले होते. आणणारे गोडसेंचे समर्थक नव्हते हो, फक्त तिढ्याचे प्रेक्षक होते. १ मे ही तारीख मात्र लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचं आहे.

अडचण

१५ मे २०२४ ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, ‘कांद्यावर बोला!’ ती चित्रफीत त्या संध्याकाळी सगळीकडे फिरत होती.

यामागचा हिशेब नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. ४ मे २०२४ ला ती उठवली, पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. मधल्या काळात आप्पांच्या भावाचा लाल कांदा मातीमोल गेला होता, आणि उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलेला होता.

तात्या टीव्हीकडे बघत म्हणाले, “पेरलेला आहे तो. उद्या कळेलच कुणाचा माणूस आहे ते.”

आप्पा शांतपणे म्हणाले, “तात्या, पेरतो आम्ही. आणि पेरलेलं विकलं जात नाही तेव्हा ओरडतोही आम्हीच.”

इथे थांबले असते तर हसून विषय संपला असता. पण तात्या पुढे म्हणाले, “शेतकऱ्याच्या आडून काही टोळ्या देशाची बदनामी करतात, त्यांतलाच हा प्रकार.” मी कॅरमजवळ बसले होते. वाक्य कानावर पडलं आणि ते ओळखीचं वाटलं. दोन दिवसांपूर्वी आठच्या चर्चेत एका चौकटीतल्या पाहुण्याने ते जवळपास असंच म्हटलं होतं. तात्यांची भाषा अशी नव्हे. ते चिडले की ‘डोकं फिरलंय का तुझं’ म्हणतात, ‘देशाची बदनामी’ म्हणत नाहीत.

आप्पांनी चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्याबरोबर निफाड-सिन्नरकडच्या आणखी तीन-चार जणांनी यायचं थांबवलं. मग दुसऱ्या बाजूचे म्हणू लागले, बरं झालं, कटकट गेली. भजनी मंडळाच्या बायकांची तक्रार तर महिन्यापासून होतीच, की आठला हॉलमध्ये बसवत नाही.

१६ मेची बैठक: समोरचे पर्याय

कार्यकारिणी दुसऱ्याच दिवशी तातडीने बसली. सात जण होतो. मतदान २० मेला, म्हणजे हातात चार दिवस.

पहिला पर्याय सरळ होता: टीव्ही बंद. दुसरा, फक्त सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लावायच्या. हा सुचवणाऱ्यालाच हसू आलं, कारण त्या बातम्या कुणालाच नको असतात असं नाही, पण त्यात भांडण नाही, आणि आमच्या मंडळींना आता भांडणाची सवय लागली होती. तिसरा, केंद्रात राजकारण बोलायचं नाही अशी पाटी. त्यावर खजिनदार म्हणाले, “मग बोलायचं काय? गुडघे?”

चौथा पर्याय वकीलसाहेबांनी मांडला, आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला: वाहिनीविरुद्ध तक्रार. त्यांनी व्यवस्था समजावून सांगितली. वाहिन्यांच्या संघटनेने स्थापलेलं एक प्राधिकरण आहे, एनबीडीएसए. आधी वाहिनीकडे तक्रार करायची, उत्तराने समाधान झालं नाही तर प्राधिकरणाकडे जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात निवडणुकीच्या काळात माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती असते, पण तिचं मुख्य काम राजकीय जाहिरातींना आधी मंजुरी देणं आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्या शोधणं. स्टुडिओत बसून कुणी मत मांडलं तर ती समिती फारसं काही करत नाही. मग त्यांनी विचारलं, “कुठली वाहिनी, कुठला दिवस, किती वाजता, नेमके शब्द काय?” खोलीत शांतता. मला वाक्य आठवत होतं, दिवस साधारण आठवत होता, वाहिनी आठवत नव्हती. तासभर रोज बघणाऱ्या चाळीस माणसांपैकी कुणाकडेच नोंद नव्हती. तक्रार तिथेच संपली.

पाचवा पर्याय मी मांडला होता, तोही अर्धवट: बघायचं, पण कुणीतरी लिहून ठेवायचं. ‘आता चार दिवसांत काय वह्या घालता बाई?’ म्हणून तो बाजूला पडला, आणि मीही फार ताणलं नाही.

ठरलं ते पहिलंच. २० मेपर्यंत आठ ते नऊ टीव्ही बंद.

केलं काय, आणि घडलं काय

पडदा काळा झाला, चर्चा नाही. पहिल्याच संध्याकाळी चार जण बाहेर कट्ट्यावर मोबाइलवर तीच वाहिनी बघत बसले होते, प्रत्येकाचा आवाज अर्धा सेकंद पुढेमागे. बाकीचे घरी थांबून बघू लागले. केंद्रात निदान आप्पांसारखा कुणीतरी शेजारी बसून ‘अहो, असं नसतं’ म्हणायचा. घरी म्हणणारं कुणी नव्हतं.

सकाळच्या चहाला मात्र सगळे हजर. तात्या काल काय झालं ते सांगत, आणि ज्यांनी चर्चा बघितलीच नव्हती असे सात-आठ जण ते ऐकून घरी जात. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोच्या ईरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी हेच पाहिलं होतं. प्रचाराने मत फिरलेले लोक थोडे, आधीचं मत पक्कं झालेले जास्त, आणि पुष्कळांपर्यंत माध्यमांतली गोष्ट ओळखीच्या एखाद्या बोलक्या माणसाकरवी पोचलेली. आम्ही टीव्ही बंद केला, पण आमचं खरं प्रक्षेपण केंद्र टपरीवर सकाळी सातला सुरू होत होतं. हे आम्हाला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी तात्यांना ‘बोलू नका’ सांगायची कुणाची टाप नव्हती.

१८ मेच्या संध्याकाळी सहाला नाशिकमधला प्रचार थांबला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या मतदारसंघात निवडणुकीवर प्रभाव टाकणारा मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही. पण मतदान सात टप्प्यांत होतं. आमचा पाचवा, सहावा २५ मेला, सातवा १ जूनला. पुढच्या टप्प्यांच्या सभा आणि त्यांवरच्या चर्चा देशभर दिसत होत्या, नाशिकरोडलाही. रस्त्यावरचे भोंगे बंद, हातातला मोबाइल चालू. एक्झिट पोलला १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत बंदी होती, तरी ‘चारशे पार होणार की नाही’ हा प्रश्न रोजच होता, आणि प्रश्नच असा की कोण येणार हे जणू ठरलंय, फक्त किती ते बाकी.

२० मे आणि त्यानंतरचा हिशेब

जूनमध्ये, निकाल लागून गेल्यावर, सभासदांपैकी कोणी मतदान केलं नाही ते कळलं. कुणाला मत दिलं हे आम्ही विचारलं नाही आणि विचारणारही नव्हतो. फक्त बोटाची शाई.

चौघांनी केलं नव्हतं. एका बाईंचं नाव यादीत सापडलं नाही. दोघे पुरुष धडधाकट, केंद्र घरापासून पाच मिनिटांवर, तरी गेले नाहीत. एक म्हणाले, “येणारच होतं सरकार, माझ्या एका मताने काय अडणार होतं?” दुसरे म्हणाले, “येणारच होतं सरकार, माझं मत वायाच गेलं असतं.” पहिल्यांची बाजू जिंकणारच होती, दुसऱ्यांची हरणारच होती, आणि दोघांनीही उन्हात उभं राहायचं टाळलं. ४ जूनला देशात एनडीए २९३ वर थांबली, बहुतेक एक्झिट पोलनी ३५० च्या वर सांगितलेली. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या, आणि नाशिकमध्ये आघाडीचेच राजाभाऊ वाजे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. दोन्ही काकांचा अंदाज त्यांच्या स्वतःच्या गावातच चुकला होता.

चौथे मास्तर. वय ८७, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. १९६२ पासून एकही मतदान चुकवलं नाही असं अभिमानाने सांगणारे. त्यांना सून रिक्षाने घेऊन गेली, रांग बघितली, ऊन बघितलं आणि परत आणलं.

मास्तरांना घरून मतदान करता आलं असतं. ८५ वर्षांवरच्या मतदारांसाठी १२-डी नावाचा फॉर्म असतो. (आधी ही अट ८० वर्षांची होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली.) बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, तो घरी देऊन जातात. मास्तरांकडेही आला होता. विजेच्या बिलांच्या चिमट्यात, कोरा, आम्ही तो डोळ्यांनी पाहिला. सुनेला तो जनगणनेचा वाटला होता. तो भरून द्यायची मुदत अधिसूचनेनंतर पाच दिवस. आमच्या टप्प्याची अधिसूचना २६ एप्रिलची, म्हणजे मुदत १ मे.

१ मेला आम्ही पेढे खात होतो.

या प्रकरणातला माझा मुद्दा तोच आहे, म्हणून थोडं थांबते. टीव्हीवरच्या चर्चेने आमच्यापैकी कुणाचं मत या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेलं असं एकही उदाहरण मला दाखवता येणार नाही. तात्या मार्चमध्ये जिथे होते तिथेच मेमध्ये होते, आप्पाही. पण त्या दोन महिन्यांत आम्ही निवडणुकीवर शंभरेक तास बोललो असू, आणि त्या शंभर तासांत १२-डी हा शब्द एकदाही आला नाही. यादीत नाव बघा, असं कुणी कुणाला म्हटलं नाही. जागा खाऊन टाकली ती चर्चेने. वर ‘ठरलेलंच आहे’ ही हवा, जिने दोन धडधाकट माणसं घरी बसवली.

शेजारच्या दिंडोरी मतदारसंघातलं उदाहरण आप्पांनी नंतर दिलं, ते याच जातीचं. तिथे भास्कर भगरे निवडून आले, चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’. पण भगरे याच आडनावाचे एक फारसे कुणाला माहीत नसलेले अपक्ष होते, त्यांचं चिन्ह नुसतं ‘तुतारी’. त्यांना एक लाखाहून अधिक मतं पडली. यंत्रावर कुठलं बटण कुणाचं, हा मतदाराचा प्रश्न. आठच्या चर्चेत लाट कुणाची, हा प्रश्न.

दुसरा प्रयत्न: ऑक्टोबर-नोव्हेंबर

विधानसभा समोर दिसत होती. ऑगस्टच्या मासिक सभेत मी एक साधा खेळ केला. प्रत्येकाला चिठ्ठी दिली, नाव न घालता दोन उत्तरं लिहायची. टीव्हीवरच्या चर्चेचा तुमच्यावर परिणाम होतो का? आणि इतरांवर होतो का? तेवीस चिठ्ठ्या आल्या. ‘माझ्यावर होतो’ असं लिहिणाऱ्या दोनच. ‘इतरांवर होतो’ असं जवळपास सगळ्यांनी, एकाने तर ‘खूप!!’ असं दोन उद्गारचिन्हांसकट. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या तेव्हा हशा पिकला, आणि तात्याही हसले. डेव्हिसन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ मध्ये या गोष्टीवर लिहिलं आहे, की माणसाला वाटतं माध्यमांचा परिणाम माझ्यावर नाही, त्या तिसऱ्यावर होतो. आमच्या हॉलमध्ये तेवीस तिसरे बसले होते.

त्या हशामुळे पुढचं सोपं झालं. टीव्ही बंद करायचा नाही, पण आठला वही उघडायची. वही ठेवायचं काम पोस्टातून निवृत्त झालेल्या ताईंकडे. त्यांनी लांब वहीवर पट्टीने रकाने आखले: तारीख, वाहिनी, विषय, पाहुणे कोण आणि कुणाच्या वतीने, नाशिक आलं का, आणि शेवटचा रकाना, ‘उद्या आपल्याला करण्यासारखं काही कळलं का’.

एक ओळ जशीच्या तशी देते. २४ ऑक्टोबर. विषय: आघाडीचं जागावाटप. पाहुणे: सहा, पैकी दोन ‘राजकीय विश्लेषक’ (कुणाचे ते सांगितलं नाही). नाशिक: नाही. उद्या करण्यासारखं: काही नाही. आदल्या दिवशी महाविकास आघाडीने ८५-८५-८५ असं सूत्र जाहीर केलं होतं, आणि तात्यांनी वहीच्या समासात बेरीज करून ठेवली: २५५. बाकीच्या जागा कुठे गेल्या म्हणून त्यांना फार आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात महायुतीतल्या बंडखोरीवरची चर्चा लागली तेव्हा ताईंनी पेन त्यांच्या हातात दिलं. “आता ही पण बेरीज करा तात्या.” त्यांनी केली, तोंड वाकडं करून, पण केली.

‘विश्लेषक’ या रकान्याने सगळ्यात जास्त काम केलं. तोच चेहरा एका वाहिनीवर विश्लेषक, दुसऱ्या वाहिनीवर पक्षाचा समर्थक, असं वहीत दोनदा सापडलं. त्यानंतर पाहुणा बोलायला लागला की मागच्या खुर्चीवरून कुणीतरी विचारायचं, “हा कुणाकडून?” चर्चेतली हवा त्या दोन शब्दांनी जेवढी निघायची तेवढी माझ्या भाषणांनी कधी निघाली नाही.

वकीलसाहेबांनी एका संध्याकाळी हेही सांगितलं की वाहिन्यांना चर्चाच का परवडते. नाशिकला बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, मुक्काम. चर्चेला सहा माणसं आपापल्या घरून लॅपटॉपसमोर बसतात. तास भरतो, जाहिराती येतात. नाशिकच्या निओ मेट्रोसाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात २०९२ कोटी जाहीर झाले त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणीतरी इथे यावं लागेल. ते महाग आहे.

दुसरं काम टीव्हीशी संबंधच नसलेलं. ताई आणि मी, दोघींनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या सभासदांची नावं यादीत तपासली. ॲपवर जमेना त्यांच्यासाठी १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन. मेमध्ये नाव न सापडलेल्या बाईंचं नाव जुन्या पत्त्यावर, सिडकोच्या यादीत निघालं. त्यांचा फॉर्म ८, म्हणजे पत्ता बदलण्याचा अर्ज, भरला. १९ ऑक्टोबर ही नोंदणीची शेवटची तारीख त्यांनी दोन दिवस आधी गाठली. १२-डी ची मुदत या वेळी २७ ऑक्टोबर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. घराघरांत फराळाची गडबड, फॉर्म पुन्हा बिलांच्या चिमट्यात जाण्याची पूर्ण खात्री. म्हणून ८५ च्या वरचे तिघे होते, त्यांच्या घरी ताई स्वतः गेल्या आणि फॉर्म भरून होईपर्यंत उठल्या नाहीत.

निष्पत्ती

२० नोव्हेंबरला आमच्या माहितीप्रमाणे एकच सभासद मतदानाला मुकले, ते दवाखान्यात होते. मेमधले ते दोघे काका या वेळी मतदानाला गेले. याचं श्रेय वहीला द्यायचा मोह होतो, पण थंडीचे दिवस होते, रांग छोटी होती, आणि मेमधला त्यांचा अंदाज चुकलेला होता. यातलं नेमकं कशामुळे, हे वेगळं काढता येत नाही.

एक्झिट पोलचे आकडे त्या रात्री ताईंनी कार्डशीटवर लिहून भिंतीवर लावले. २३ तारखेला समोर खरे आकडे लिहिले: महायुती २३०. बहुतेक पोलनी महायुतीला पुढे दाखवलं होतं, पण एवढं नाही. जूनमध्ये एका बाजूला जास्त सांगितलं, नोव्हेंबरमध्ये त्याच बाजूला कमी. कार्डशीट अजून भिंतीवर आहे, कडा वळल्यात.

‘थोडासा परिणाम झाला तर काय बिघडलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन आकडे शेजारी ठेवते. अमेरिकेत एक नवी वृत्तवाहिनी ज्या गावांत केबलवर पोचली तिथे २००० च्या निवडणुकीत रिपब्लिकन मतांचा वाटा ०.४ ते ०.७ टक्के-बिंदूंनी वाढला, असं डेलाविन्या आणि कॅप्लान यांनी २००७ मध्ये मांडलं. नगण्य वाटतं. आमच्या जिल्ह्यात १५ पैकी १४ जागा महायुतीला गेल्या, आणि उरलेली मालेगाव मध्यची जागा एमआयएमने १६२ मतांनी जिंकली.

आप्पा परत आले, पण पूर्वीसारखे नाही. सकाळी येतात, पेपर वाचतात, तात्यांशी तब्येतीचं बोलतात. फिरायला वेगळे जातात. संध्याकाळी येत नाहीत. त्यांना वहीबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले, “चांगलं केलंत बाई. माझ्यावेळी नव्हती.”

वेगळं काय करता आलं असतं

१६ मेच्या बैठकीत आम्ही तासभर टीव्हीवर बोललो आणि आप्पांच्या घरी कुणी गेलं नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. घर पंधरा मिनिटांवर होतं. त्या रात्री तात्यांना घेऊन दोघे-तिघे गेलो असतो, चहा झाला असता, तर गोष्ट बहुधा तिथेच मिटली असती. आम्ही भांडण वाहिनीचं समजलो, ते दोन माणसांचं होतं.

टीव्ही बंद करण्याचा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो, पण का चुकीचा, याचं कारण आता बदललंय. तेव्हा मला वाटायचं की बंदी वाईट. आता वाटतं की एकत्र बघणं हाच त्या हॉलमधला एकमेव उतारा होता, आणि तो आम्ही हाताने काढून घेतला. अध्यक्ष याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते मार्चमध्येच आठला मालिका लावली असती तर यातलं काही घडलंच नसतं. भजनी मंडळ त्यांच्या बाजूने आहे.

तक्रारीचा पर्याय वहीनंतर खरं तर खुला झाला होता. तारीख, वेळ, वाहिनी, शब्द, सगळं होतं. नोव्हेंबरमध्ये एका चर्चेबद्दल वकीलसाहेबांनी मसुदाही केला. पण सह्या घेताना प्रत्येकाने आधी विचारलं की तक्रार कुठल्या बाजूच्या पाहुण्याविरुद्ध आहे, आणि त्याप्रमाणे पेन उचललं किंवा ठेवलं. पाच सह्या झाल्या. मसुदा पाठवला नाही. पाठवायला हवा होता, पाच तर पाच.

वहीचाही एक तोटा सांगायला हवा. काही जणांना तिची चटक लागली. पाहुण्यांच्या चुका पकडण्याचा खेळ झाला आणि चर्चा बघणाऱ्यांची संख्या ऑक्टोबरमध्ये मेपेक्षा वाढली.

मास्तरांकडे नोव्हेंबरात मतदानाचं पथक आलं तेव्हा ताई आणि मी बाहेरच्या ओट्यावर थांबलो होतो. दोन अधिकारी, एक पोलीस, एक कॅमेरावाला, आणि टेबलावर उभा करायचा पुठ्ठ्याचा आडोसा. मास्तरांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. आत बराच वेळ लागला, कारण त्यांनी मतपत्रिकेवरची सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. पथक गेल्यावर सून पाणी घेऊन आली, तर ते म्हणाले, “झालं माझं. आता लाव टीव्ही, कोण काय म्हणतंय बघू.”